बिननावाची बाटली

प्रिय नीरू,

मोंघीमासी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वडोदऱ्याला येते आहे, तिच्याच हाती ही पिशवी आणि हे पत्र देते आहे. पिशवीत छुंद्याची बरणी आहे आणि बिजलचा शाळेचा थर्मास आहे. आधी थर्मास झाकण न उघडता तसाच फ्रिजमध्ये ठेव. मग दाराला कडी लाव आणि पत्र वाच. मासीच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तिला काही सांगितलेलं नाही. थर्मासमध्ये वैद्याचा काढा आहे, उघडला तर फुकट जाईल, एवढंच सांगितलंय, आणि तरी ती वाटेत उघडून वास घेणार नाही याची मला खात्री नाही, म्हणून झाकणावर चिकटपट्टी लावली आहे. पट्टी फाटलेली असली तर मला कळव. फोन करता आला असता. पण कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याचे कान त्याच्या मीटरपेक्षा जोरात चालतात, आणि त्याचा साडू कारखान्याच्या गेटवर बसतो. गोष्ट बिजलची आहे, म्हणून एवढी काळजी घेते आहे.

आता म्हणशील, झालं, फौजदार सुरू झाली. बापुजी मला फौजदार म्हणायचे ते तुझ्या लक्षात असेल. दूधवाला आला की मी त्याच्या कॅनमध्ये बोट बुडवून भिंतीवर ओढायची आणि ओघळ किती भरभर खाली येतो ते बघून त्याला चार गोष्टी सुनवायची. त्याने एकदा बापुजींना विचारलं होतं, शेठ, या पोरीला सून म्हणून कोण नेणार? नेलं बाई कुणीतरी. तुझे जिजाजी मला बघायला आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाआधी नखांकडे बघितलं. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. मी आत येऊन आपल्या बाला म्हटलं, हा माणूस हळद कुटतो की काय? तुम्ही सगळ्या हसलात. रंगाच्या कारखान्यात कायम नोकरी, कंपनीची खोली, घरात आई आणि एक धाकटा भाऊ, एवढं ऐकल्यावर नखांकडे कोण बघतंय. मीही हसले. माणूस वाईट नाही, हे मी आज सगळं झाल्यावरही सांगते. बिजल झाली तेव्हा सासूने जलेबी आणायला सांगितली होती, मुलगी झाली की जलेबीच वाटतात म्हणून. हे पेढे घेऊन आले. सासू दोन दिवस ह्यांच्याशी बोलली नाही.

बाटलीची गोष्ट दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. एका संध्याकाळी ह्यांनी डब्याच्या पिशवीतून एक लहानशी बाटली काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, उद्या सकाळची पहिली लघवी ह्यात दे, कंपनी कामगारांच्या बायकांची साखर तपासून देते आहे, फुकट. मी म्हटलं, जी कंपनी तुम्हाला तोंडावर बांधायला धड फडकं देत नाही, तिला माझ्या साखरेचा एवढा पुळका कुठून आला? म्हणाले, तुला देवाने प्रसाद दिला तरी त्यातही तू खडा शोधशील. मी बाटली भरून दिली, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. बिजलनंतर मला पुन्हा दिवस राहिले नव्हते, आणि त्या दिवसांत सासूच्या तोंडी तिच्या भाचीचं नाव फार यायचं, भाची कामाला कशी वाघीण, भाची अंगापिंडाने कशी भरलेली. मला वाटलं, हे माझी लघवी तपासून माझ्यात खोट काढणार, आणि मग कागद नाचवून त्या वाघिणीला घरात आणणार. चार दिवस मी ह्यांच्या खिशांतल्या सगळ्या चिठ्ठ्याचपाट्या वाचून काढल्या. बसच्या तिकिटांशिवाय काही मिळालं नाही.

शेवटी नळावर हसुमतीला विचारलं. हसुमती आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, तिचा नवरा ह्यांच्याबरोबरच पिवळ्या खात्यात भट्टीवर आहे. ती एवढी हसली की भरलेला हंडा खाली ठेवावा लागला. म्हणाली, अगं भोळे, तुझी साखर कोण बघतंय, ती बाटली त्यांची म्हणून जाते. मग तिने सगळं सांगितलं. दर सहा महिन्यांनी कारखाना कामगारांची लघवी तपासतो. ज्याची खराब निघेल त्याला पिवळ्या खात्यातून काढून आवारात झाडू मारायला लावतात, भट्टीचा भत्ता बंद. पुन्हा खराब निघाली तर घरी बसा आणि खोलीही खाली करा. म्हणून पुरुषांनी तोड काढली. घरची बाई कारखान्याच्या दारात पाऊल टाकत नाही, तिचं अंग स्वच्छ, तिचीच बाटली न्यायची आणि आडोशाला जाऊन आपली म्हणून द्यायची. पंड्याभाई कंपाउंडर बाटली हातात घेऊन गरम आहे ना तेवढं बघतो, म्हणून कुणी काखेत धरून नेतात, कुणी डब्यात. हसुमतीच्या नवऱ्याने एकदा बाटली गरम खिचडीच्या पुडाखाली ठेवली. ती इतकी तापली की पंड्याभाई म्हणाला, भाई, तुला तर ताप दिसतोय, घरी जाऊन झोप. सगळी चाळ महिनाभर त्याला तापवाला म्हणत होती.

माझा जीव भांड्यात पडला. भाची नाही, सवत नाही, नुसती नोकरी टिकवायची धडपड आहे. उलट मला थोडा अभिमानच वाटला. ज्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, मतदानाच्या वेळीसुद्धा बिजलला पुढे करून सांगवते, त्यांच्या नावावर माझी बाटली जाते आणि घर तगतं. मी ह्यांना एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी साखरेच्या थापा मारू नका, सरळ मागा. ते लाजले. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मी न मागता बाटली भरून डब्याजवळ ठेवायला लागले. तेव्हा तपासायचे तरी काय, गावातल्याच डॉक्टरकडे साखर आणि असलंच काहीबाही. सगळं ठीक यायचं आणि सगळे खूष.

ह्या होळीनंतर ते बदललं. परदेशातल्या कुणा गिऱ्हाइकाने म्हणे अट घातली की कामगारांच्या अंगात धातू किती उतरतोय ते मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या, नाहीतर माल नको. नव्या बाटल्या आल्या, तपकिरी झाकणाच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर कामगाराचं नाव पंड्याभाईच्या तिरक्या अक्षरात. आणि कोपऱ्यात एक चिन्ह होतं. नीरू, ते चिन्ह आमच्या भिंतीवर वर्षभर टांगलेलं आहे, तू दिवाळीला दिलेल्या तुमच्या वडोदऱ्याच्या प्रयोगशाळेच्या कॅलेंडरवर. मी घरात कुणाला काही बोलले नाही. म्हटलं, असू दे, माझी बाटली माझ्या बहिणीच्या हाताखालून जाईल, तिला कळणारही नाही, गंमतच आहे.

उन्हाळ्यात निकाल आले आणि चाळीत बॉम्ब पडला. जिजाजी खराब, हसुमतीचा नवरा खराब, पलीकडच्या रांगेतले दोघे खराब. सगळ्यांना आवारात काढलं. आणि मग काय झालं ते ऐक, म्हणजे तुला हसावं की रडावं ते कळणार नाही. संध्याकाळी ओट्यावर सगळे पुरुष जमले आणि त्यांनी छातीठोकपणे ठरवलं की प्रयोगशाळा खोटारडी आहे. का? तर त्या बाटल्यांत बायकांची लघवी होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्या बायकांनी कारखाना आतून बघितला नाही, त्यांच्या अंगात कारखान्याचा धातू येईल कुठून? म्हणजे कंपनीने मागच्या वर्षी बोनससाठी ज्यांनी तोंड उघडलं त्यांची नावं दिली आणि वडोदऱ्याच्या साहेबांनी पैसे खाऊन आकडे भरले. एवढा पक्का पुरावा हातात, आणि तो उघड बोलायची सोय नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशी सगळ्यांची गत. हसुमतीचा नवरा तर गेटवर जाऊन म्हणाला, माझी लघवी मला माहीत आहे, ती अशी असूच शकत नाही. पंड्याभाई खाली बघून हसत होता म्हणे.

मला मात्र एका गोष्टीने झोप लागेना. भट्टीवरचा रसिक चांगला आला होता. रसिक एकटा राहतो, लग्न नाही, खाणावळीत जेवतो, कपडे बाजारातल्या धोब्याकडे टाकतो. त्याने बाटली पानवाल्याकडून भरून घेतली होती, हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे, कारण पानवाला ते गिऱ्हाइकांना सांगतो. आता कंपनीला रसिकवर प्रेम असायचं काही कारण नाही, बोनसच्या वेळी सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला होता. मग तो का सुटला? ज्यांनी बायकोची दिली ते अडकले आणि ज्याने पानवाल्याची दिली तो सुटला. मी म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते वडोदऱ्यात नाही, इथेच मुरतंय.

घरात दुसरीच तऱ्हा. ह्यांनी मला विचारलं, तू त्या दिवशी काय खाल्लं होतंस? मी म्हटलं, तुम्ही खाल्लं तेच. सासूने तर सरळ सांगितलं की हिचं अंगच पहिल्यापासून मळकं, म्हणून मुलगा होत नाही. मी उलटून बोलले नाही, कारण माझं लक्ष तेव्हा बादलीकडे होतं. ह्यांचे कपडे मी रोज भिजत घालते. आधी दगडावर झटकते, मग भिजवते. झटकताना पिवळी धूळ उडते, उन्हात चांगली चमकते. बादलीतलं पाणी दोनदा पिवळं निघतं, तिसऱ्यांदा जरा फिकं. दहा वर्षं मी ते रोज बघते आहे आणि रोज हातांनी ओतून देते आहे. हातांचा वास जात नाही तर मी लिंबू चोळायची. अगं, दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट घालणारी मी, ह्या बादलीवर मला कधी संशय आला नाही.

आता तुझ्याबद्दल लिहिते, रागावू नकोस. गोकुळाष्टमीच्या सातम-आठमला तू आलीस. मी फाटकातूनच बघितलं की तू आधी जिजाजींच्या तोंडाकडे बघतेस. बिजल नेहमीप्रमाणे त्यांचा कामाचा शर्ट अंगावर घालून, बाह्या लोंबवत ओट्यावर नाचत होती, तर तू तो तिच्या अंगातून काढलास आणि चिमटीत धरून बाहेर दोरीवर टाकलास. जेवताना ह्यांना विचारलंस, कंबर दुखते का, लघवीला त्रास होतो का. मेव्हणी असले प्रश्न विचारते का कधी? ते बिचारे वाटीत तोंड घालून बसले. आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणालीस, मोटीबेन, जिजाजींना चांगल्या डॉक्टरला दाखव, काही विचारू नकोस, मला बोलता येत नाही. मी काही विचारलं नाही. मी आणि विचारलं नाही, ह्यावरून तरी तुला समजायला हवं होतं की मला कळलंय. तू त्या बाटलीवरचं नाव वाचलं होतंस. तुमच्यात गुपित फोडता येत नाही, नोकरी जाते, हे मला मान्य आहे. तरी आठवडाभर मी तुझ्यावर जळत होते. कधी वाटायचं, चाळ म्हणते ते खरं असेल, हिनेच साहेबांच्या सांगण्यावरून आकडा लिहिला असेल आणि आता मनाला टोचतंय म्हणून डॉक्टर सुचवते आहे. सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात आलं. पण तू जाताना रडत होतीस, आणि तू नुसतं दाखवायला रडत नाहीस. तुला वाटलं की जिजाजी आजारी आहेत. नीरू, ती लघवी माझी होती. तू ह्यांच्या नावाने रडलीस, ते माझ्यासाठी होतं.

तरी मला पक्कं करायचं होतं. भादरव्यात कंपनीने पुन्हा नमुने घेतले, गेटवर फार आरडाओरड झाली म्हणून. आता माझी मळकी लघवी कोण घेणार. ह्यांनी भरूचहून किरीटला बोलावलं. माझा दीर गाडीवर खारी सिंग, खारे शेंगदाणे विकतो, कारखान्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. तो रात्री राहिला, सकाळी बाटली भरून दिली, वर मला म्हणाला, भाभी, सिंग तर विकतच होतो, आता हेही विकायला काढतो. निकाल आला, जिजाजी चांगले. परत पिवळ्या खात्यात घेतले, परत भत्ता. घरात पेढे आले. सगळी चाळ म्हणाली, बघा, आवाज केला म्हणून घाबरले आणि खरं लिहिलं. हे इतके खूष होते की बिजलला खांद्यावर घेऊन नळापर्यंत नाचत गेले. तेवढ्या माणसांत मी एकटीच पेढा हातात धरून बसले होते. तीच प्रयोगशाळा, तेच नाव, तीच तपासणी. किरीटची चांगली आली आणि माझी वाईट. म्हणजे प्रयोगशाळा कुणाला घाबरत नाही, बाटलीत असेल ते सांगते.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना धुण्याच्या दगडाशी नेलं आणि त्यांचा शर्ट त्यांच्यासमोर बादलीत बुडवला. म्हटलं, कळतंय का तुम्हाला, वाईट निघाली ती मी आहे. ते बादलीकडे बघत राहिले. माझे गुडघे दुखतात, पाठ धरते, अंगात रक्त कमी म्हणून दवाखान्यातून लोखंडाच्या गोळ्या चालू आहेत, हे त्यांना माहीत आहे. तूच मागे म्हणाली होतीस ना, ज्या अंगात लोखंड कमी असतं ते अंग भुकेल्यासारखं कॅडमियम, म्हणजे ह्या पिवळ्या रंगातला धातू, ओढून घेतं, म्हणून बायका-पोरांना जास्त जपावं लागतं. तेही मी त्यांना सांगितलं. म्हणाले, खोली कंपनीची आहे, रमिला. त्या बाटलीत तू होतीस असं सांगायला गेलो तर खोटा नमुना दिला म्हणून मला त्याच दिवशी हाकलतील, हसुमतीच्या घरालाही सोडणार नाहीत. मग ते थोडे दिवस कपडे कारखान्यातल्याच नळावर धुऊन आणायला लागले. बाकीच्यांनी छळलं, काय रे, बायकोने धोबी ठेवलाय की तुलाच धोबी केलाय? ते बंद पडलं. आता ते कपडे स्वतः दारात काढतात आणि मी नाकाला पदर बांधून धुते. एवढीच आमची प्रगती.

मी विचारलं, आणि बिजल? तिची तपासून घेऊया, नीरूकडे देऊया. तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. म्हणाले, तिला काही झालेलं नाही, तिचं नाव ह्यात घेऊ नकोस, जे कळून काही करता येणार नाही ते कळून घ्यायचं कशाला. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, कारण ते घाबरलेत, मला दिसतं. बिजल संध्याकाळी त्यांची सायकल वाजली की धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारते. त्यांच्या कपड्यांची धूळ काठीने झटकायची, हा तिचा खेळ आहे, धूळ उडली की ती सोनं सोनं म्हणून टाळ्या पिटते. आणि दिवाळीची रांगोळी. सगळ्या गावात आमच्या चाळीची रांगोळी उठून दिसते, कारण पुरुष खात्यातला सांडलेला रंग पुड्या बांधून आणतात, बाजारच्या रंगाला तो भडकपणा कुठून. गेल्या वर्षी बिजलने पिवळा मोर काढला होता. तू त्याचा फोटोही काढलास. दिवसभर चिमटीने रंग भरत होती आणि त्याच हाताने करंज्यांसारखे घुघरे खात होती, मीच तिला ताटलीत आणून देत होते. परवा हे ह्या वर्षीची पुडी घेऊन आले. सवयीने आणली, आणि माझं तोंड बघून तिथेच उभे राहिले. मला ती टाकायला जागा सुचेना. गटारात टाकली तर गटार शाळेकडे जातं. शेवटी प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, आणि रोज वर बघते की तिथेच आहे ना.

आज सहामाहीचे ठरलेले नमुने पुन्हा द्यायचे होते. किरीट यात्रेच्या गर्दीत सिंग विकायला गेला आहे, तो येणार नव्हता. मागच्या आठवड्यात जेवताना सासू म्हणाली, एवढी कसली चिंता, बिजलची न्या, लेकराची लघवी म्हणजे गंगा. मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे आईवर ओरडतील. ते खाली मान घालून दुधात बाजरीचा रोटलो कुस्करत राहिले. नीरू, तिच्या नावाने तिची लघवी तपासायची म्हटलं तर ज्या माणसाचा पारा चढला, त्याला ती स्वतःच्या नावाने चालणार होती. चांगली निघाली तर त्यांची नोकरी, आणि वाईट निघाली तर पुन्हा प्रयोगशाळाच खोटी. मी त्या दिवशी रडले नाही. म्हटलं, चालेल, मीच भरून देते. सासू म्हणाली, बघ, आता शहाणी झाली.

सकाळी मी बिजलला न्हाणीत नेलं. तिचे हात साबणाने दोनदा धुतले, नवा फ्रॉक पाकिटातून काढून घातला, आणि कप माझ्या हातात धरला, तिचं बोटही लागू दिलं नाही. ती विचारत होती, बा, मला ताप आला आहे का? भादरव्यात कंपनीने दिलेली एक बाटली उरली होती, कोरी, चिठ्ठी नसलेली. ती मी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवली होती. बिजलची तिच्यात भरली. आणि ह्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली जी बाटली होती, तिच्यात माझी स्वतःची भरली. न्हाणीतून बिजलला घेऊन मी बाहेर आले, तेव्हा सासू दारातच उभी होती, तिचं समाधान झालं. ह्यांनी बाटली काखेत धरली आणि उंबऱ्यात थांबून माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून संशयाने बघायचं काम माझं, आज त्यांनी केलं. म्हणाले, बिजलचीच आहे ना? मी म्हटलं, का, माझ्यावर विश्वास नाही? म्हणाले, तुझ्यावरच तर आहे. आणि सायकलवर बसून गेले.

तर आता तुझ्याकडे दोन बाटल्या येतील. एक कंपनीच्या गाडीतून येईल, तिच्यावर तुझ्या जिजाजींचं नाव असेल, ती माझी आहे. तिचा आकडा निघेल तो निघू दे, बहीण म्हणून त्यातला एक कणही कमी करू नकोस. मला ह्यांना त्या पिवळ्या खात्यातून बाहेर काढायचं आहे, माझं कुणी ऐकत नाही, वाईट कागद आला की कंपनीच त्यांना काढेल. खोली गेली तर जाईल, किरीटच्या गाडीवर दोन हात वाढतील. दुसरी बाटली थर्मासमध्ये बर्फात आहे, तिच्यावर कुणाचंच नाव नाही, आणि आजवर ह्या चाळीतून गेलेल्या बाटल्यांत तेवढी एकच खरी आहे. ती बिजलची आहे. तिची तपासणी तू स्वतः कर, नाव कुठे लिहू नकोस, आणि कागद पाठवू नकोस. ती चांगली निघाली तर छुंद्याची बरणी मासीच्या हाती चिवडा भरून परत पाठव, मी समजून जाईन. नाही निघाली तर बरणी राहू दे, तूच ये, दिवाळीच्या सुट्टीला भाचीला न्यायला आले म्हण, आणि मी सांगेपर्यंत तिला परत आणू नकोस. तिची पिशवी मी भरून ठेवली आहे. सगळे कपडे नवे घेतले आहेत, ह्या घरात धुतलेला एकही त्यात नाही.

वाट बघत असलेली,
तुझीच मोटीबेन